उसनें लेणें

सन २०२० च्या जून महिन्याच्या अखेरीस दक्षिण कोरियांतील ‘ब्लॅकपिंक’ या चौघी तरुणींच्या गायनवृंदाची एक नवी चित्रफीत प्रसिद्ध झाली. ‘हाउ यू लाइक दॅट’ हें त्या गाण्याचें नांव. जगांतील कोट्यवधि लोकांनीं ती पाहिली, आणि त्यांत आपल्या घरांतील मुलीही होत्या. तींतील एका दृश्यांत वृंदांतील एक तरुणी सोनेरी सिंहासनावर बसली आहे आणि खालीं जमिनीवर, इतर शोभेच्या वस्तूंबरोबर, गणपतीची मूर्ति ठेविलेली आहे, असें दिसत होतें. दृश्य क्षणभराचेंच होतें. परंतु ज्यांच्या घरीं भाद्रपदांत मूर्ति आणावयाची ती पाटावर, वस्त्र झांकून आणि मुखानें जयघोष करीत, त्यांच्या नजरेस तें टोंचल्यावांचून राहिलें नाहीं. हिंदुस्थानांतून आक्षेप गेले, आणि थोड्याच दिवसांत त्या दृश्यांतून मूर्ति पुसून टाकण्यांत आली.

त्या वेळीं आपणांस नेमकें काय लागलें, याचा शांतपणें विचार करण्याजोगा आहे. परक्यानें आपला देव घेतला म्हणून आपण रागावलों, असें म्हणतां येणार नाहीं. गणपति समुद्रापार जाऊन शतकें लोटलीं. जपानांतील देवळांत तो ‘कांगितेन’ या नांवानें आहे. थायलंडांत त्याची पूजा होते. आणि सिंहासनावर बसलेली ती तरुणी स्वतः थायलंडचीच आहे. आपणांस लागलें तें एवढेंच कीं, दृश्य सजविणाऱ्या कारागिरास ती मूर्ति समई, गालिचा किंवा मोरपीस यांच्या पंक्तीची वाटली. आमच्या घरांत जिच्यापुढें मनुष्य हात जोडतो, ती वस्तु त्याच्या दुकानांत मांडणीचें सामान झाली होती, आणि आम्हांस काय वाटेल हें विचारण्याचें त्याच्या मनांतही आलें नव्हतें.

हें वाटणें रास्त होतें. पण रास्त वाटण्याची एक जबाबदारीही असते. जें माप आपण सेऊलच्या कारागिरास लावलें, तेंच माप आपल्या घरास, शाळेस आणि रंगभूमीस लावून पाहिलें पाहिजे. तसें तें लावण्यापूर्वीं कोरियन संगीताची हकीकत थोडी सविस्तर सांगणें अवश्य आहे. कारण घरोघरीं मुलें तें ऐकतात आणि वडील मंडळी त्यास नुसता ‘गोंगाट’ म्हणून बाजूस सारतात.

हें संगीत मूळचेंच उसनवारीचें आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अमेरिकेचें सैन्य कोरियांत राहिलें. त्याच्या आठव्या सेनेच्या छावण्यांतून सैनिकांच्या करमणुकीसाठीं गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होत. देश बेचिराख झालेला. पोटासाठीं तेथें वाजविण्यास जाणाऱ्या कोरियन तरुणांनीं जॅझ, ब्लूज आणि रॉक हे प्रकार कानांनींच उचलले. कोरियन रॉकचा आद्य पुरुष मानला जाणारा शिन जुंग-ह्यॉन या छावण्यांतच तयार झाला. किम भगिनींचें त्रिकूट तेथूनच १९५९ सालीं अमेरिकेस गेलें. पुढें १९९२ सालीं ‘सो तैजी अँड बॉईज’ या तिघांनीं अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या वस्त्यांत जन्मलेलें रॅप कोरियन भाषेंत गाऊन तरुणांस वेड लाविलें. आजच्या कोरियन गाण्याचा ठेका, नाच, पोषाख आणि केशरचना यांची वंशावळ पाहूं गेल्यास बहुतेक शाखा त्याच वस्त्यांत जाऊन पोंचतात.

येथवर दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. उसनें घेतल्याखेरीज कोणतीच कला वाढत नाहीं. ज्या नाट्यसंगीताचा आपणांस इतका अभिमान, त्याच्याकडे पाहा. १९११ सालीं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलें तेव्हां गोविंदराव टेंबे यांनीं पूरबेकडील ठुमरीच्या चाली आणून त्यांवर पदें बसविलीं, आणि तीं पदें सोंवळ्या घरांतील माजघरापर्यंत पोंचलीं. ती ठुमरी ज्या गाणारणींच्या कंठांत वाढली, त्यांस मात्र त्या माजघराचा उंबरा ओलांडतां आला नसता. साथीची पेटी तर युरोपांतून आलेली. तेव्हां घेणें हा अपराध ठरविला, तर आपलें अर्धें संगीत आपणांस परत करावें लागेल.

अपराध सुरू होतो तो निराळ्या ठिकाणीं. २०१७ च्या मार्च महिन्यांत सेऊल येथें ‘मामामू’ या वृंदाच्या जलशांत एक चित्रफीत दाखविण्यांत आली. अमेरिकन गायक ब्रुनो मार्स याच्या एका लोकप्रिय गाण्याची ती नक्कल होती, आणि नक्कल करतांना त्या चौघी गायिकांनीं चेहऱ्यांस काळपट रंग फांसला होता. परदेशांतील चाहत्यांनीं हरकत घेतांच त्यांनीं माफी मागितली. २०२० च्या ऑगस्टमध्यें उइजोंगबू येथील एका शाळेंतील विद्यार्थ्यांनीं, आफ्रिकेंतील घाना देशच्या शवपेटी वाहून नाचणाऱ्या मंडळींचें सोंग घेऊन, तोंडें काळीं करून छायाचित्र काढविलें. कोरियांत राहून तेथील दूरचित्रवाणीवर नांव कमावलेला घानाचा सॅम ओकेरे यानें ‘हें आम्हां काळ्या लोकांस लागतें’ अशा आशयाचें लिहिलें. लोक विद्यार्थ्यांवर न रागावतां त्याच्यावरच उलटले, आणि अखेर माफी मागावी लागली ती त्यालाच. अगदीं अलीकडे, २०२५ च्या एप्रिल महिन्यांत, ‘किस ऑफ लाइफ’ या वृंदानें वाढदिवसाच्या थेट प्रक्षेपणांत काळ्या गायकांच्या पेहरावाची आणि बोलण्याचालण्याची नक्कल केली. त्याबद्दल त्यांस लेखी माफी द्यावी लागली, आणि लॉस एंजेलिस येथील मोठ्या महोत्सवांतून त्यांचें नांव गळलें.

‘तोंडाला रंग लावला, यांत एवढें काय बिघडलें?’ असें घरांतील एखादे आजोबा सहज विचारतील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. अमेरिकेंत १८३० च्या सुमारास टॉमस राइस नांवाचा गोरा नट चेहऱ्यास काजळी फांसून ‘जिम क्रो’ नांवाच्या काळ्या माणसाचें सोंग आणूं लागला. त्या काळीं दक्षिणेंतील काळा मनुष्य गुलाम होता. त्याची बायकामुलें बाजारांत विकलीं जात. त्याच वेळीं त्याचें गाणें, त्याचा नाच आणि त्याची बोली यांची विटंबना करून नाटकगृहें भरत होतीं. तो आळशी, खुळा आणि सदा हंसणारा आहे, असें रोज रात्रीं दाखविल्यावर त्याच्या गुलामगिरीबद्दल प्रेक्षकांच्या मनास टोंचणी लागण्याचें कारणच उरत नसे. पुढें काळ्यांस वेगळें टाकणाऱ्या कायद्यांसही त्या सोंगाचेंच नांव पडलें. हा सर्व इतिहास त्या रंगास चिकटलेला आहे. कोरियन मुलींस तो ठाऊक नव्हता, हें खरें असेल. पण ज्याच्या कलेवर आपलें पोट चालतें, त्याचा इतिहास ठाऊक नसणें ही सबब फार दूरवर जात नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्याच २०२० सालीं अमेरिकेंत काळ्या लोकांवरील अत्याचारांविरुद्ध चळवळ उसळली, तेव्हां कोरियांतील ‘बीटीएस’ या सात तरुणांच्या वृंदानें आणि त्यांच्या कंपनीनें त्या कार्यास दहा लक्ष डॉलर दिले, आणि त्यांच्या चाहत्यांनींही आपसांत वर्गणी करून जवळजवळ तेवढीच रक्कम उभी केली. ज्यांच्याकडून घेतलें त्यांच्या संकटांत उभें राहणें, हा ऋण फेडण्याचा एक मार्ग झाला.

आतां हेंच माप घेऊन वऱ्हाडांत येऊं. पातूर हें अकोल्याहून दक्षिणेस वाशिमकडे जाणाऱ्या वाटेवरील, घाटाच्या पायथ्याचें गांव. येथल्या डोंगरांत प्राचीन लेणीं कोरलेलीं आहेत, टेकडीवर रेणुकामातेचें देऊळ आहे, आणि शेख बाबूंच्या दर्ग्यावरून तर गांवासच पूर्वीं ‘पातूर शेख बाबू’ म्हणत. अशा गांवास, परक्याचें घेणें आणि परक्यास देणें म्हणजे काय, हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. आणि थट्टेचा विषय होणें म्हणजे काय, हेंही आम्हां वऱ्हाडकरांस चांगलें ठाऊक आहे. पुण्यामुंबईच्या नाटकांत आणि चित्रपटांत वऱ्हाडी बोली पुष्कळदां गड्याच्या किंवा अडाण्याच्या तोंडीं घातलेली असते. तो बोलला कीं प्रेक्षागृह हंसतें. तीच बोली अकोल्याचे कवि विठ्ठल वाघ यांच्या कवितेंत येते तेव्हां तिच्यांतून शेतकऱ्याचें सुखदुःख बोलतें. शब्द तेच, पहिल्या ठिकाणीं बोली नकलेपुरती आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं ती बोलणाऱ्याची स्वतःची आहे. हा फरक ज्यास स्वतःच्या कानांनीं कळला, त्यास पुढील गोष्टी कळण्यास अडचण पडूं नये.

हिवाळा आला कीं शाळाशाळांतून स्नेहसंमेलनें सुरू होतात, आणि बहुतेक ठिकाणीं एक ‘आदिवासी नृत्य’ ठरलेलें असतें. मुलांच्या अंगास काळा रंग, कमरेस पानें, डोक्यास पिसें, हातांत भाला, आणि तोंडीं कोणत्याच भाषेंत अर्थ नसलेले आरडाओरडीचे शब्द. पालक टाळ्या देतात आणि छायाचित्रें नातलगांस धाडतात. हे आदिवासी कोणत्या प्रांतांतले? ते हिंदी चित्रपटांतले. आमच्या शेजारीं मेळघाटांत कोरकू राहतात; त्यांच्यांत असा कोणी दाखवितां यावयाचा नाहीं. कोरकू हा शेतकरी आहे. त्याच्या बायका रंगीत लुगडीं नेसतात. त्याची भाषा मुंडा कुळांतील, म्हणजे दूर पूर्वेकडील संथाळी आणि मुंडारी यांची बहीण आहे. मराठी किंवा हिंदी यांशीं तिचें कुळाचें नातें नाहीं. होळी हा त्याचा सर्वांत मोठा सण, आणि त्या सुमारास मेघनाथाच्या खांबापुढें त्याचे उत्सव होतात. त्याच्या नाचांत पुरुषांची आणि स्त्रियांची रांग निराळी, पाउलें ठरलेलीं, ढोल आणि बांसरी यांची साथ. एवढें सर्व शिकण्यासारखें असतां आपण मुलांच्या अंगास डबींतला रंग लावतो. उइजोंगबूच्या विद्यार्थ्यांनीं जें केलें त्याहून हें कोणत्या अर्थानें निराळें आहे, याचें उत्तर आम्हांस सांपडत नाहीं.

दुसरें उदाहरण बंजारा पोषाखाचें. ‘लमाणी डान्स’ म्हणून भाड्याच्या दुकानांतून आरसे चिकटविलेले घागरे येतात. खऱ्या बंजारा स्त्रीचा फेटिया आणि कांचळी हीं महिनोगणती बसून टांके घातलेलीं, कवड्या आणि कांचा जडविलेलीं वस्त्रें असतात. केसांत चांदीच्या घुगऱ्या असतात. ज्या समाजाचें हें लेणें, त्याचे तांडे एके काळीं हजारों बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून मुलुखामुलुखांतून फिरत आणि फौजांस रसद पुरवीत. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपूरास पोंचली आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार मोडत गेला. चारच वर्षांनीं, १८७१ सालीं, इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या जाळ्यांत बंजाऱ्यांचे अनेक गट सांपडले. ज्याचा धंदा बुडाला त्याच्याच कपाळीं जन्मजात चोर हा शिक्का बसला, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. याच समाजांतील वसंतराव नाईक पुढें १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तरीही तांड्यावरील म्हातारी आपल्या पोषाखांत बाजारास आली तर तिच्याकडे पाहून नाक मुरडणारीं माणसें आहेत. जो घागरा तिच्या अंगावर गांवढळ, तोच आपल्या नातीच्या अंगावर गोजिरवाणा कसा होतो? आणि त्याच वर्गांत तांड्यावरून येणारी एखादी मुलगी बसलेली असते. इतरांबरोबर तिलाही टाळ्या वाजवाव्या लागतात. घरीं जाऊन ती आपल्या आजीस काय सांगत असेल, याचा विचार संमेलनाच्या समितीनें केलेला आमच्या ऐकिवांत नाहीं.

तिसरें उदाहरण सर्वांत मोठें, तें लावणीचें. कोल्हाटी, महार आणि मांग या समाजांतील कलावंतांनीं तमाशा जगविला. १९४७ सालीं ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट गाजला; आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या सरकारनें, अश्लीलतेच्या कारणावरून, प्रत्यक्ष तमाशावर बंदी घातली. पुढें दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं सुधारणेची समिती नेमली गेली तेव्हां फडांची वाट पुन्हा मोकळी झाली. पडद्यावरची लावणी सहकुटुंब पाहावी आणि फडावरची लावणी शिष्टांनीं नांवही न घेण्याजोगी मानावी, ही रीत मात्र तशीच राहिली. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यास एकाच चित्रपटगृहांत १३१ आठवडे चालला. १९७२ चा ‘पिंजरा’ घरोघरीं पोंचला. इकडे राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेंत गेले. २००२ सालीं त्या वारल्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांस पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं. आज शहरांतील सुखवस्तु घरच्या मुली लावणीच्या स्पर्धेंत बक्षिसें मिळवितात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या मुलींस विठाबाईंचें नांव ठाऊक असावें, एवढेंच आमचें मागणें.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, ‘मग काय ब्राह्मणाच्या मुलीनें लावणी म्हणूंच नये?’ तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा दाखला डोळ्यांपुढें आहे. १८६६ सालीं जन्मलेला हा कुलकर्णी लावणीच्या नादानें तमाशाच्या फडांत शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. फडाबरोबर राहिला, फडाबरोबर जेवला, महार समाजांतील पवळाबाईंबरोबर त्यानें रंगभूमि गाजविली, आणि त्यापायीं जातींतलें आपलें स्थान गमाविलें. १९४५ सालीं तो दारिद्र्यांत वारला. त्यानें लावणी उचलून घरीं आणली नाहीं. तो स्वतः लावणीच्या घरीं जाऊन राहिला आणि त्याची किंमत त्यानें दिली. तरीही आज त्याच्या नांवाचा जेवढा उच्चार होतो तेवढा पवळाबाईंच्या नांवाचा होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. प्रामाणिकपणें घेणाऱ्याच्याही पदरांत कीर्तीचा वांटा जास्त पडतो.

सर्वांस बापूराव होतां येणार नाहीं, आणि तशी अपेक्षाही नाहीं. पण घरांत मुलांस नाच बसवितांना वडीलधाऱ्यांनीं चार गोष्टी विचाराव्या. ज्यांचें हें आहे, तीं माणसें समोर बसलीं असतीं तर आपण असेंच केलें असतें काय? त्यांचें नांव कार्यक्रमांत उच्चारलें जाणार आहे काय? ज्या वस्त्राची आपण हौस करतो, तें नेसणाऱ्या बाईस आपण घरांत खुर्ची देऊं काय? आणि या हौशींतून त्यांच्या पदरीं दोन पैसे पडणार आहेत काय? हे चारही प्रश्न कोरियन कंपनीस विचारण्याजोगे आहेत, तसेच ते शाळेच्या समितीसही विचारण्याजोगे आहेत.

उत्तरें कठीण नाहींत. काळ्या रंगाची डबी यादींतून काढून टाकण्यास एक पैसाही लागत नाहीं. ‘आदिवासी नृत्य’ असें मोघम न लिहितां कोरकूंचा नाच असें लिहावें, आणि मेळघाटांतील जाणत्यास बोलावून पाउलें शिकावीं. होळीला तांड्यावर लेंगी गाइली जाते. ती शिकविण्यास तांड्यावरील एखाद्या आजीस मानानें बोलवावें, तिला बिदागी द्यावी, आणि संमेलनाच्या दिवशीं तिला पहिल्या रांगेंत बसवावें. भाड्याच्या घागऱ्याऐवजीं तिच्या हातचा एक बटवा विकत घेतला तरी मुलींस त्या टांक्याची किंमत कळेल. आणि एखादें मूल, आपल्या घरचें असो किंवा तांड्यावरचें, ‘हें बरें दिसत नाहीं’ म्हणून पुढें आलें, तर सॅम ओकेरेप्रमाणें त्यालाच माफी मागावयास लावूं नये. त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.

कोरियन गाण्यावरून आज पुष्कळ घरांत आजीआजोबा आणि नातवंडें यांच्यांत वाद चालतात. ते वाद आवडीनिवडीपुरते राहिले तर त्यांतून कांहीं निष्पन्न होणार नाहीं. नातीनें आजोबांस त्या गाण्यांतील काळ्या लोकांचें ऋण समजावून सांगावें, आणि आजोबांनीं तिला गणपतीची मूर्ति जमिनीवर पाहून आपणांस काय वाटलें तें सांगावें. दोघांचें बोलणें झालें कीं दोघांनीं मिळून यंदाच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका एकदां वाचावी. तींत बदल सुचविण्यास डिसेंबर उजाडण्यापूर्वींचे दिवस पुरेसे आहेत.